खतखत्याला नावं

नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून देवळातलं भाज्यांचं खतखतं बाबलअण्णा नुसत्या वासावर शिजवत. वास असा, की खाडीपलीकडची गुरं दावं तोडून पंगतीला येत.

तरी गाव नावं ठेवायचंच. वरची वाडी म्हणे, "तिरफळां भारी पडली!" खालची म्हणे, "अण्णानू, घातल्यात की नुसती दाखवल्यात?" दोन्हीकडून बोलणी बसली की अण्णा निवांत. जमलं!

यंदा सर्दीत नाकच गेलं. थकल्या हातांनी अंदाजे ढवळून अण्णा पंगतीकडे कान लावून बसले.

"झकास झालां, अण्णानू," वरच्या वाडीचा भांडकुदळ जिवबा हळूच म्हणाला. खालच्या वाडीनंही माना डोलावल्या.

इतकी दया अण्णांना कुणी कधी दाखवली नव्हती. उठून त्यांनी डाव पुतण्याच्या हाती दिला. "पुढल्या वर्षापासून बोलणी तू खा."