साडीतला फोटो

बबनरावांनी पेढ्यांचा पुडा आधी लेनापुढे धरला, मग विमलबाईंपुढे. वसतिगृहाच्या अधीक्षिकेला डावलून परक्या पोरीला पहिला मान! पण ऊसतोडीवर खाडा करून आलेल्या माणसाशी मानपानावरून काय भांडायचं?

"कशाचे पेढे, बबनराव?"

"आमच्या मनिषाचं लगीन जमलं, बाई. समदी या मॅडमची किरपा."

आईबाप ऊस तोडायला गेले की पाटोद्याजवळच्या या वसतिगृहात त्यांच्या मुली राहतात. लेना तीन महिन्यांपूर्वी जर्मनीहून इथे शिकवायला आली होती, पगार न घेता. मराठी तिला जेमतेम कळे. तिने पेढा तोंडात टाकला आणि मुलींनी शिकवलेलं ठेवणीतलं वाक्य म्हटलं, "लई भारी!"

मनिषा खांबाला धरून उभी होती. तिने मान वर केली नाही.

बबनरावांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला फोटो काढला. तो लेनानेच काढला होता. 'मोठी झाल्यावर मी' हा तिचा खेळ. प्रत्येकीने हवं ते व्हायचं आणि ते पाटीवर लिहून पाटी छातीशी धरायची. नववीतली मनिषा तहसीलदार झाली होती. तहसीलदारीण साडीतच शोभते म्हणून विमलबाईंनी आपली मोरपंखी साडी तिला स्वतः नेसवली, अंबाडा घातला. पोर एकदम विशीची दिसायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात विमलबाईंच्या सगळ्यात जोरात. फोटो आईबापांना पाठवायची कल्पनाही त्यांचीच. पोरगी काहीतरी होणार, एवढं तरी त्यांना दिसावं.

आता फोटोत मनिषाच्या मागे गुलाबाची बाग होती. रंगही बराच उजळला होता. स्टुडिओवाल्याने पाटी पुसून टाकली होती. हात मात्र छातीशी तसेच राहिले होते, काहीतरी धरल्यासारखे.

"पाटी?" लेनाने विचारलं. हा शब्द तिला येत होता.

"पाव्हण्यांना काय करायचीय पाटी?" बबनराव हसले. "फोटो बघितला अन् पसंत केली. पोरगी बघायलाबी आले न्हाईत."

"पंधरा वर्षांची हाय ती," विमलबाई म्हणाल्या. "गुन्हा हाय हा, बबनराव. मला पोलिसांत फोन करावा लागंल."

"करा की." बबनराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलत होते. "दहावी झाली की तुमी तिला इथं ठिवणार न्हाईत. मंग मी कुठं ठिवू? फडावर? पाचटाच्या कोपीला दार नसतंय, बाई. आमी दोघं ऊस तोडाया गेलो की वयात आलेल्या पोरीपाशी कोण बसंल? तुमी बसता का?"

विमलबाईंचा हात मोबाईलकडे गेला.

"अन् फोन केला, तर धाकटीलाबी आजच घिऊन जातो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर विमलबाई सहज म्हणून गेल्या असत्या. फोटोतल्या निऱ्या त्यांच्याच हातच्या होत्या. पोर नीट दिसावी म्हणून एकेक निरी त्यांनी दोनदा सारखी केली होती. त्यांना रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

"काय म्हणताहेत ते?" लेनाने इंग्रजीत विचारलं.

"तुझे आभार मानताहेत," विमलबाईंनी सांगितलं. दुसरं काही सांगायचं बळ त्यांच्यात नव्हतं. लेनाने खूश होऊन बबनरावांना हात जोडले.

तेवढ्यात धाकटी करिष्मा पेढ्यांच्या वासाने धावत आली. ती पाचवीत होती. खेळात ती पोलीस झाली होती, कुणाची तरी पँट आणि खाकी टोपी घालून.

बबनरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. या पोरीवर त्यांचा जीव होता. "मॅडम, हिचा त्यो टोपीतला फोटो काय कामाचा? तुमी जायच्या आदी हिचाबी एक साडीत काढून ठिवा. पुढं लागंल."

'फोटो' एवढं लेनाला कळलं. तिने हसत मोबाईल काढला. करिष्मा लगेच भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हातावरचा पेढा घाईघाईने गिळून टाकला.

मनिषाने खांब सोडला. ती येऊन बहिणीच्या पुढे उभी राहिली आणि तिने मोबाईलवर पंजा ठेवला.

"हिचा नको, लेनाताई," ती म्हणाली. "ही लहान हाय अजून."