परातीतली अक्षरं

चौथं वर्ष लागलं की मुलांना अंगणवाडीत अक्षरांची लस टोचत. संध्याकाळपर्यंत मूल वाचायला आणि शंभरापर्यंत मोजायला लागे. शर्वीचा नंबर आला, तेव्हा यंत्रानं टोचायलाच नकार दिला. "जागा आधीच भरलेली आहे."

"बाहेरून कुठं टोचून आणलंत काय हिला?" नर्सबाई तिच्या बाबांवर, निवासवर खेकसल्या.

निवासनं शर्वीकडे पाहिलं. वर्षभर तो गॅरेजमधून आला की परातीत ज्वारी पसरायचा आणि लेकीचं बोट धरून अक्षरं गिरवून घ्यायचा. "लस फुकट मिळतेय, मग कशाला हा उपद्व्याप?" असं बायको रोज म्हणायची.

"कुणी गं घातली ही अक्षरं?" बाईंनी शर्वीलाच विचारलं.

शर्वीनं बाबांचं ऑइलनं काळं पडलेलं बोट पकडलं आणि रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. निवासनं ते खाली घेतलं नाही.