घासलेली शिळा

वारसा मंडळाच्या स्पर्धेसाठी मी वर्गाकडून शाळेमागची जुनी शिळा तारेच्या ब्रशने घासून घेत होतो. मुलांचे शंभर प्रश्न ऐकून घेणारा मी, पण त्या दिवशी घाईत होतो.

"सर, इथे पुसट अक्षरं दिसतायत," वर्गातली चिमणी नावाची मुलगी म्हणाली.

"शेवाळाच्या रेघा आहेत त्या, बाळ. घास जोरात."

समारंभात शिक्षकांचा पुरस्कार मलाच मिळाला. मग पडद्यावर सफाईआधीचा फोटो मोठा झाला आणि परीक्षक बाई थबकल्या.

"या कोरलेल्या तीन ओळी आता शिळेवर का नाहीत?"

मी हातातला पुरस्कार पाठीमागे धरला.



चिमणी उठली. "सर नको नको म्हणत होते, बाई. मीच ऐकलं नाही."