घंटीला बांधलेला गमछा

कचेरीतले दिवे आणि आगीची घंटी मी एकाच लाईनवर जोडली होती. सभेत दिवे लागले की घंटीही वाजे. बडेबाबू चिडले, म्हणून मी तिच्या हातोडीला माझा लाल गमछा बांधला. सोडायचा राहिला.

दोन दिवसांनी रेकॉर्डरूम पेटली. बाहेरून लोक घंटीचं बटन दाबत राहिले. आत झोपलेल्या डोमाजी चौकीदाराला काहीच ऐकू गेलं नाही. तो आतच जळाला.

गमछा मी गुपचूप चुलीत घातला.

आज भर दुपारी नव्या जोडणीची तपासणी होती. दिव्यांचं बटन दाबलं. सगळे दिवे लागले. घंटीचं दाबलं, ती मुकीच.

"भोजराज, काहून नाही वाजून राह्यली?" बडेबाबूंनी विचारलं.

मी शिडी चढलो. हातोडीला माझाच गमछा होता. गाठ अजून गरम होती.

"काय आहे रे वर?"

"काई नाई जी."

चौकशीतही मी हेच म्हणालो होतो.