दुसरा हात

बेडकाचं डोकं टेबलावर तोंड वासून बसलं होतं. जबड्याच्या जागी ताटाएवढी लाल जाळी होती. नाटकात बेडूक होणाऱ्या माणसाला याच जाळीतून समोरचं बघायचं होतं, आणि समोरच्या पोरांना मात्र लाल जबड्याखेरीज काहीही दिसायला नको होतं.

धाकटी जाऊ बुजलेली भोकं सुईनं मोकळी करत होती. ब्रशनं रंग लावला की जाळी बुजते, म्हणून ती जवळजवळ कोरडा स्पंज टेकवत टेकवत रंग द्यायची. बाहेरून लाल, आतून काळा. पांढरा, पिवळा हे रंग बिचारे काहीही लपवतात. लाल फितूर. त्याला धाकटीचाच हात लागायचा.

आणि धाकटी आज निघाली होती. परगावी बाहुल्यांच्या कारखान्यात तिनं नोकरी धरली होती, तिथे म्हणे नुसते डोळे चिकटवायचे. तिची पिशवी दारापाशी भरून ठेवलेली होती. खाली तिचा नवरा आणि थोरलीचा नवरा मिळून टेम्पोत कपाट चढवत होते आणि कशावरून तरी मोठमोठ्यानं हसत होते. भावाभावांचं छान होतं.

अबोला होता तो जावाजावांत. चौदा महिन्यांचा. तेव्हा घोड्याच्या मुखवट्यातल्या नटाला समोरचं काही दिसलं नाही आणि तो रंगमंचावरून थेट पहिल्या रांगेत उतरला. जाळी रंगानं बुजली होती. "जाळी हिची," असं थोरली चारचौघांत बोलून मोकळी झाली. जाळी धाकटीचीच होती, खोटं नाही. पण तिनं रंगाचा एकच हात दिला होता. घोडा फिका वाटतो म्हणून घाईघाईत दुसरा हात कुणी दिला, हे दोघींनाही माहीत होतं. थोरलीनं तो विषय काढला नाही. धाकटीनं बोलणंच टाकलं.

कामापुरतं बोलावं लागे, पण तेही कुणाला उद्देशून नाही. "डिंक संपलाय," थोरली भिंतीला सांगायची. "आणलाय," भिंतीच्या वतीनं धाकटी सांगायची. चौदा महिन्यांत तू नाही की तुम्ही नाही, आणि ताई तर नाहीच. व्याकरणाचे एवढे हाल कुणी केले नसतील.

"चाचणी राहिली आहे," धाकटी बेडकाला म्हणाली.

थोरली स्टुलावर बसली. डोकं तिनं स्वतःच उचलून चढवलं. चाचणीची रीत ठरलेली होती. आतल्या बाईनं वेडीवाकडी तोंडं करायची, बाहेरच्या बाईनं एकेक पाऊल पुढे येत काय दिसतं ते सांगायचं. मुखवट्याची टाळू अगदी शेवटी बसवायची असते. तोवर त्या उघड्या टाळूवर काळं कापड टाकायचं, हे कामही बाहेरच्या बाईचं. आत उजेड शिरला की मग जाळी कसली, काचच ती.

आतून थोरलीला खोली जरा धुरकट दिसली. डोळ्यांत पाणी आलं असेल, असं तिला वाटलं. आलंही होतं.

तिनं जीभ बाहेर काढली.

"दिसत नाही," धाकटी म्हणाली आणि एक पाऊल पुढे आली.

तिनं गाल फुगवले.

"दिसत नाही."

आणखी एक पाऊल. आता दोघींमध्ये हातभर अंतर होतं. इतक्या जवळून थोरलीनं तिला गेल्या चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं. धाकटीच्या कानामागे लाल रंगाचा ठिपका होता. तो पुसून टाकावा, असं थोरलीला फार वाटलं. वेडंवाकडं तोंड करायचं राहूनच गेलं. तिचे ओठ हलले, आवाज न करता.

तो दुसरा हात माझा होता. चारचौघांत तुझ्यावर ढकललं मी. जाऊ नकोस गं.

बेडकाच्या जबड्यात बोलायला काय हरकत होती? कोण बघणार होतं?

धाकटीनं या खेपेला वेळ घेतला.

"दिसत नाही," ती म्हणाली.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. थोरलीनं डोकं उतरवून टेबलावर ठेवलं, रुमालानं तोंड पुसलं. "पास म्हणायचं," असं ती भिंतीला सांगणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष बेडकाकडे गेलं. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड सरळ त्याच्या टाळूतून आत पडला होता. जबडा आतून उजळला होता आणि टेबलामागची खुर्ची त्यातून स्वच्छ दिसत होती.

काळं कापड धाकटीच्या खांद्यावर होतं. विसरली म्हणावं, तर दहा वर्षांत ती एकदाही विसरली नव्हती.

थोरलीचा चेहरा उतरला. तो लपवायला आता समोर काही नव्हतं.

हॉर्न पुन्हा वाजला. धाकटीनं कापडाची घडी करून ती बेडकाशेजारी ठेवली. पिशवी उचलली. दारात गेल्यावर ती थांबली, पण पिशवी खाली ठेवली नाही.

"दिसलं सगळं, ताई," ती म्हणाली. "ऐकू आलं नाही."