पोलादशहाचं बटण

"काका, आता जरा बंद करते हं," असं म्हणून तंत्रज्ञ बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं, आणि चित्रकाराचा उजवा हात मांडीवरून उडाला. मग डावा. हनुवटी थरथरू लागली. सावरून बसावं म्हटलं तर अंग ऐकेना. खुर्चीतल्या खुर्चीत तो एका बाजूला कलंडू लागला.

हाताच्या कंपावर इलाज म्हणून त्याच्या मेंदूत तार आणि छातीत कातडीखाली बॅटरी बसवली होती. यंत्र बंद केल्यावर कंप किती येतो, ते आज तपासायचं होतं. बाईंचं लक्ष पडद्यावरच्या रेघांकडे होतं. बघता बघता त्या शेजारच्या सहकारी मुलीला विचारत होत्या, की रजा मिळाली का, आणि नसेल मिळाली तर मोठ्या डॉक्टरांशी कुणी बोलायचं. चित्रकाराला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पडतोय, एवढंच सांगायचं होतं. जीभ वळत नव्हती. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा कुठे बाईंनी मान वर केली. झालंच, असं म्हणून त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. काय केलं, तिनं विचारलं. बंद करून चालू केलं, तो म्हणाला. आपल्या टीव्हीचंही आपण तेच करतो की, असं म्हणून ती हसली. त्याच्यात हसायचंही त्राण नव्हतं.

घरी टेबलावर नव्या अंकाची शेवटची पानं कोरी पडून होती. उभी हयात त्यानं कॉमिकमधला पोलादशहा काढण्यात घालवली होती. अर्धा माणूस, अर्धं यंत्र, शहरंच्या शहरं पायदळी तुडवणारा खलनायक. त्याच्या मानेमागचं बटणही ह्याच्याच डोक्यातून निघालेलं. एका अंकात नायक हरायला आला आणि पानंही संपत आली, तेव्हा घाईघाईत एक बटण काढून हा मोकळा झाला. वाचकांनी ते असं काही उचलून धरलं, की पुढे दर अंकात तेच. नायक बटण दाबतो, पोलादशहा धाडकन कोसळतो, नायक त्याच्या छातीवर पाय देऊन उभा. काढून काढून चित्रकाराला वीट आला होता.

जेवण झाल्यावर तो कामाला बसला. कित्येक महिन्यांनी रेघ सरळ आली, पण त्याचा आनंदही वाटेना. पोलादशहाची लटकलेली मान काढली. छातीवरचा पाय काढला, खोडला. पुन्हा काढला, पुन्हा खोडला. बायकोनं ठेवलेला चहा गार झाला. शेवटी दिवेलागणीला त्यानं पानं पुरी केली आणि कुणाला न दाखवता पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. आधी त्यांनी तब्येतीची चौकशी केली. हात पूर्वीसारखा झाला म्हणून कौतुक केलं. मग जरा चाचरत मुद्द्यावर आले. नायकानं बटण दाबलं, इथवर ठीक. पण मग तो गुडघे टेकून पोलादशहाचं डोकं दोन्ही हातांत झेलतोय, ते कशासाठी?

"अहो, बटण बंद झालं की तो नुसतं भंगार," संपादक म्हणाले. "त्याला काय कळतंय?"



चित्रकार म्हणाला, "सगळं कळतं, साहेब."