वर्गातला एकच सेट

ठोकळा राजीच्या कानाशीच राहिला.

खिडकीतून प्रियदर्शनीला व्हरांडा दिसत होता. दार लोटून सुशीलाबाई बाहेर उभ्या होत्या. गळ्यातल्या माईकपाशी त्यांचे ओठ पुन्हा हलले. आत दाराकडे पाठ करून बसलेल्या राजीनं शब्द ऐकला, की ठोकळा समोरच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा. एवढंच.

राजीनं टाकला नाही. ती समोर बाकावर बसलेल्या आईकडे बघत राहिली.

"बघतेस काय? ऐक," प्रियदर्शनी म्हणाली. मग बाईंनी सांगितलेलं आठवलं आणि तिनं तोंड मिटलं.

सेट प्रियदर्शनीच्या नवऱ्याच्या, आनंदच्या, कंपनीनं दिला होता. सॉफ्टवेअरवाल्यांचे बरे दिवस होते. बिबवेवाडीतल्या कर्णबधिरांच्या या छोट्या शाळेला त्यांनी वर्गागणिक एक सेट दिला. माईक बाईंच्या गळ्यात, आणि छोटी डबी एका मुलाच्या कानातल्या यंत्राला जोडलेली. बाई कुठेही असोत, त्यांचा आवाज थेट त्या कानात. पण वर्गाला एकच सेट, आणि त्याचा उपयोग होईल अशी मुलं दोन, राजी आणि प्रज्ञेश. सहामाहीच्या गडबडीत बाईंना वेळ कुठला? म्हणून शाळा सुटल्यावर त्या दोघांना थांबवून घ्यायच्या. बाईंची हडपसरची बस रोज चुकायची.

सेट कोणाला, याचा आज फैसला होता.

आधी प्रज्ञेशची पाळी झाली होती. प्रत्येक शब्दाला डब्यात ठण्णकन ठोकळा पडला होता.

प्रज्ञेशची आई आम्रपाली टेलिफोनच्या ऑफिसातून परस्पर यायची. तिला कशाची घाई नसायची.

"अहो, रविवारी गंमतच झाली," ती शेजारी सरकत म्हणाली. "बाईंनी सेट घरी दिला होता ना. माईक गळ्यात घालून गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नुसतं पुटपुटले, 'प्रज्ञेश, चिमटे.' तर हा खालून पळत चिमटे घेऊन हजर! म्हटलं, बरं झालं, आता नोकर ठेवायला नको."

"छान," प्रियदर्शनी म्हणाली.

त्याच्या आदल्या रविवारी सेट तिच्या घरी होता. तिनं राजीला खुर्चीत बसवून सकाळपासून शब्द म्हटले होते. चुकलं की प्रियदर्शनीच्या कपाळावर आठी पडायची. दुपारनंतर राजीनं उत्तर देणंच सोडलं. नुसती आईच्या कपाळाकडे बघत बसली.

"अगं, येरवड्यात कैद्यांनासुद्धा दुपारची सुट्टी असते," आनंद पेपरमागून म्हणाला होता.

"तुला काय जातंय बोलायला? प्रज्ञेशला येतं, मग हिला का नाही?"

"कोण प्रज्ञेश?"

तो प्रज्ञेश आता खिडकीत बसून पाय हलवत होता. नीट भांग पाडलेला, गालाला खळी पडणारा. बाईंनी हाक मारली की गर्रकन वळणारा. आम्रपालीनं काय असं पुण्य केलं होतं?

बाईंचे ओठ शेवटचे हलले. ठोकळा हलला नाही.

प्रियदर्शनी उठली. "बस इथेच," राजीला खुणेनं सांगून ती व्हरांड्यात गेली आणि मागे दार घट्ट ओढून घेतलं.

"बाई, सेट कोणाला देणार?"

"तुम्ही बघताय ना, प्रियदर्शनीताई."

"तो हुशार आहे. ओठ वाचतो."

"पाठमोरा बसून?"

"कंपनी आमच्या ह्यांची आहे, बाई."

"म्हणून सेट आला. प्रतिसाद काही कंपनी देत नाही." बाईंनी सुस्कारा सोडला. "कोपऱ्यात धूळ खात पडण्यापेक्षा ज्याला उपयोग होतोय त्याच्या कानात असलेला बरा. राजीसाठी दुसरं काही बघू."

बाईंचे दोन्ही हात धरून प्रियदर्शनी त्यांच्या अगदी गळ्याजवळ झुकली. आवाज आत जाऊ नये म्हणून कुजबुजत बोलू लागली.

"खरं सांगू? त्याला ठोकळा टाकताना बघते ना, तेव्हा वाटतं, हा माझा का नाही? वाटतं, राजीला आम्रपालीच्या पदरात टाकावं आणि प्रज्ञेशला मी घरी घेऊन जावं. ती करेल हिचं सगळं. तीच बरी आई आहे. माझ्याच्यानं आता होत नाही हो."

"असं बोलू नये."

"बोलले म्हणून काय झालं? राजीला कुठे ऐकू येतंय!"

बाई व्हरांड्याच्या कठड्याकडे बघत राहिल्या. मग पदरानं त्यांनी चष्मा पुसला.

"बरं. अजून एक आठवडा सेट राजीकडे राहू दे. मी मुख्याध्यापकांशी बोलते."

प्रियदर्शनीला एकदम हलकं वाटलं. आठवडाभरात ती राजीची तयारी करून घेणार होती. सकाळी, शाळेआधी. नाचणीचं सत्त्व देऊन. रागावायचं नाही, आठी घालायची नाही. तिनं डोळे कोरडे केले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि दार ढकललं.

राजी खुर्चीत नव्हती. डबा रिकामाच होता. पाण्याची बाटली गळ्यात आणि दप्तर पाठीला लावून ती उभी होती, प्रज्ञेशचं मनगट घट्ट धरून. त्याला ओढत ती आईसमोर आली आणि त्याचा हात तिनं आईच्या हातात दिला.

"अगं, हे काय चाललंय हिचं?" आम्रपाली हसत म्हणाली.

राजी वळली, आम्रपालीपाशी गेली आणि तिचं बोट धरून म्हणाली, "चल, आई."